तांबड्या रक्तपेशींच्या घडणीचे नियामक जनुक आणि विदर्भातील सिकलसेल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी (मेघे) या गावापासून सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९०) या दोन्ही वैद्यकीय संस्था थोड्याच किलोमीटर अंतरावर आहेत. जिल्ह्यातील तसेच शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांतील रुग्ण या संस्थांत येतात. हातापायांचे सांधे ठणकणारी, वारंवार रक्त चढवावे लागणारी, डोळे पिवळे झालेली सिकलसेलग्रस्त मुले या रुग्णांत असतात. 'एएस पॅटर्न' व 'एसएस पॅटर्न' हे प्रयोगशाळेतील शब्द आता विदर्भातील अनेक कुटुंबांच्या बोलण्यात रुळले आहेत.

या आजाराचा इतिहास दोन स्वतंत्र प्रवाहांत घडला. एक प्रवाह रुग्णांच्या निरीक्षणाचा व लोकसमूहांच्या रक्ततपासणीचा आहे. त्यात नागपूर, मुंबई, पुणे व वर्धा येथील संशोधकांचा मोलाचा वाटा आहे. दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतील उंदरांवरील जनुकसंशोधनाचा आहे. उंदरात सापडलेल्या 'केएलएफ-१' नावाच्या एका जनुकाने, तांबडी रक्तपेशी कशी घडते आणि जन्मानंतर तिच्यातील हिमोग्लोबिन का बदलते, या प्रश्नांच्या उत्तराची दिशा दाखविली. वरवर पाहता या दोन प्रवाहांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. तथापि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते एकत्र आले आणि त्यातून सिकलसेलवरील नव्या उपचारपद्धतीची वाट मोकळी झाली.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधात पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.
१) तांबड्या रक्तपेशींच्या घडणीचे नियमन करणाऱ्या केएलएफ-१ या जनुकाच्या शोधाचा इतिहास मांडणे.
२) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, सिकलसेल संशोधनाचे टप्पे स्पष्ट करणे.
३) या दोन इतिहासांचा परस्परसंबंध तपासून, ज्ञानाचा लाभ विदर्भातील रुग्णांपर्यंत किती पोहोचला याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला आहे.

आजाराची ओळख : शिकागो ते नागपूर

मानवी शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. अस्थिमज्जेतील मूळ पेशीपासून त्या घडतात, पक्व होताना आपले केंद्रक टाकून देतात आणि सुमारे १२० दिवस शरीरभर प्राणवायू वाहून नेतात. त्यांच्यात ठासून भरलेले हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू धरते व सोडते. सिकलसेल आजारात याच हिमोग्लोबिनमध्ये दोष असतो. प्राणवायू कमी झाला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात व गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना उद्भवतात व अवयवांना इजा पोहोचते. या पेशी अल्पायुषी असल्यामुळे रुग्णाला कायमचा रक्तक्षय जडतो.

वैद्यकीय वाङ्मयात या आजाराची पहिली नोंद १९१० साली झाली. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी या आजाराला 'सिकलसेल अ‍ॅनिमिया' हे नाव दिले. १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी प्राणवायूच्या कमतरतेमुळे पेशी वाकड्या होतात हे दाखविले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे सिद्ध करून सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूतील बदलात असते, हे या संशोधनाने प्रथमच दाखवून दिले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये तो बदल नेमका कोठे आहे ते शोधले : बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. एवढ्या एका बदलाने संपूर्ण आजार उद्भवतो.

या काळातील एक निरीक्षण पुढील इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी, सिकलसेलचे जनुक असलेल्या नवजात बालकांच्या पेशी सहजासहजी वाकड्या होत नाहीत, असे नोंदविले. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन असते. त्याच्या घडणीत बीटा साखळीच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर साधारण सहा महिने ते एक वर्ष या काळात ते ओसरते व त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. म्हणूनच सिकलसेलचे मूल जन्मतः निरोगी दिसते आणि पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात त्याची बोटे सुजू लागतात. गर्भकालीन हिमोग्लोबिन टिकून राहिले तर आजार सुसह्य होईल, हा विचार वॉटसन यांच्या निरीक्षणात बीजरूपाने होता. मात्र ते का ओसरते याचे उत्तर मिळण्यास जवळपास साठ वर्षे लागली.

भारतात या आजाराची नोंद १९५२ साली झाली. लेहमन व कटबुश यांनी निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये सिकलसेलचे वाहक असल्याचे दाखविले. त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत हा दोष असल्याचे नोंदविले. महाराष्ट्रातील संशोधकांनी या विषयाकडे लगेच लक्ष दिले. मुंबईतील सुकुमारन, संघवी व व्यास यांनी पश्चिम भारतातील काही जमातींमधील सिकलसेल वाहकांविषयीचे संशोधन १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरच्या आर. एन. शुक्ल व बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या आरोग्याच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो. सिकलसेल हा केवळ डोंगरदऱ्यांतील आदिवासींचा आजार आहे, ही समजूत विदर्भातील संशोधनाने मोडीत काढली. येथे तो गोंड, परधान, माडिया अशा जमातींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो.

पुढे पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यातील अनेक समाजांच्या रक्ताची तपासणी केली. काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के इतके होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार हे जिल्हे त्यांनी विशेष बाधित म्हणून दाखविले. वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील सिकलसेलच्या प्रमाणाचा अभ्यास सेवाग्रामच्या पी. देशमुख, बी. एस. गर्ग व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

उंदरातील जनुकाचा शोध

सिकलसेलच्या दोषाचा पत्ता १९५७ मध्येच लागला असला तरी त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न अनुत्तरित होता. शरीराच्या प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनची जनुके असतात. मग ती केवळ तांबड्या पेशीच्या घडणीतच का जागृत होतात? आणि गर्भकालीन हिमोग्लोबिनचे जनुक जन्मानंतर कोण झोपवते? माणसाच्या गर्भावर प्रयोग करणे शक्य नसल्यामुळे संशोधकांना उंदराचा आधार घ्यावा लागला. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा असतो. त्याच्या गर्भात प्रथम पीतक कोशात व नंतर यकृतात तांबड्या पेशी घडतात. हा सर्व क्रम दिवसागणिक तपासता येतो.

या संशोधनाला उपयोगी पडलेली पेशी आधी एका वेगळ्याच कामातून मिळाली होती. शार्लट फ्रेंड या अमेरिकन संशोधिकेने १९५० च्या दशकात उंदरात रक्ताचा कर्करोग निर्माण करणारा विषाणू शोधला. १९७१ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, या रोगाच्या पेशींना प्रयोगशाळेत डायमिथिल सल्फॉक्साइड हे रसायन दिले असता त्या हिमोग्लोबिन तयार करू लागतात. तांबडी पेशी घडण्याची क्रिया काचेच्या बशीत पाहण्याची सोय त्यामुळे झाली. फ्रेंड न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत कार्यरत होत्या.

या क्षेत्रातील पहिले मोठे यश १९८९ मध्ये मिळाले. त्या वर्षी 'गाटा-१' या नियामक प्रथिनाचे जनुक उंदराच्या व कोंबडीच्या पेशींतून स्वतंत्रपणे वेगळे करण्यात आले. गाटा-१ नसेल तर उंदरात तांबड्या पेशी पक्व होत नाहीत, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. मात्र गाटा-१ हे रक्ताच्या इतर काही पेशींतही कार्य करते. केवळ तांबड्या पेशीचे म्हणता येईल असे नियामक जनुक १९९३ मध्ये माउंट सायनाय येथेच मिलर व जेम्स बीकर यांना सापडले. उंदराच्या तांबड्या पेशीच्या कुळातील पेशीत जी जनुके जागृत आहेत, त्यांतून भक्षक पेशीत जागृत असलेली जनुके वजा करायची आणि जे उरेल ते तपासायचे, अशी त्यांची रीत होती. या वजाबाकीतून हाती आलेले प्रथिन बीटा ग्लोबिन जनुकाच्या आरंभी असलेल्या एका विशिष्ट जागी जाऊन बसते, असे आढळले. याच जागी बिघाड झाला तर माणसास बीटा थॅलेसेमिया होतो, हे आधीपासून ज्ञात होते. त्यामुळे या प्रथिनाचे महत्त्व तात्काळ लक्षात आले. फळमाशीतील 'क्रुपेल' या जनुकाशी त्याच्या रचनेचे साम्य असल्यामुळे त्याला 'तांबड्या पेशीतील क्रुपेलसदृश घटक' अशा अर्थाचे 'ईकेएलएफ' हे नाव मिळाले. पुढे 'केएलएफ-१' हे नाव रूढ झाले.

१९९५ मध्ये दोन संशोधक गटांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर निर्माण केले. पीतक कोशात तयार होणाऱ्या पहिल्या तांबड्या पेशी या गर्भांत घडल्या. परंतु यकृतात पक्व पेशी घडण्याची वेळ आली तेव्हा बीटा ग्लोबिन तयार झाले नाही आणि तीव्र रक्तक्षयाने ते गर्भ साधारण पंधराव्या दिवसाच्या सुमारास मरण पावले. पुढील वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, मानवी ग्लोबिन जनुके बसविलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. केएलएफ-१ नसलेल्या गर्भात मानवी बीटा जनुक मंद पडले. त्याच वेळी गर्भकालीन हिमोग्लोबिनचे गॅमा जनुक मात्र एरवीपेक्षा अधिक काळ जागृत राहिले. वॉटसन यांनी १९४८ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा येथे मिळाला.

याच इतिहासातील आणखी एक प्रकरण उल्लेखनीय आहे. इंग्लंडमधील हारवेल येथे मेरी लायन यांनी १९८० च्या दशकात जन्मतःच रक्तक्षय असलेल्या उंदरांचा एक वंश नोंदविला होता. त्यातील दोष केएलएफ-१ मध्येच असल्याचे २०१० मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी मानवातही याच जनुकातील एका बदलामुळे जन्मजात रक्तक्षयाचा एक दुर्मीळ प्रकार होतो, असे दिसून आले. सुमारे पाव शतक केवळ नोंदीत असलेल्या उंदराचा अर्थ, जनुक हाती आल्यानंतरच उलगडला.

उंदराकडून माणसाकडे

उंदरातील नियम माणसालाही जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरता येत नव्हते. माणसाप्रमाणे गर्भकाळाच्या उत्तरार्धात वेगळे हिमोग्लोबिन तयार होण्याची अवस्था उंदरात नैसर्गिकरीत्या नसते. त्यामुळे प्रयोगांना मानवी पुराव्याची जोड आवश्यक होती. ती तीन ठिकाणांहून मिळाली.

पहिला पुरावा युरोपातून आला. २००७ व २००८ मध्ये काही संशोधक गटांनी, प्रौढ वयातही गर्भकालीन हिमोग्लोबिन अधिक असलेल्या व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना केली. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील लोकसमूहाचा त्यात समावेश होता. या तुलनेतून 'बीसीएल-११ए' नावाचे जनुक पुढे आले. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखविले की, हे जनुक गॅमा ग्लोबिनला दाबून ठेवते. २०११ मध्ये याच गटाने सिकलसेल असलेल्या उंदरांत तांबड्या पेशींपुरते हे जनुक निष्क्रिय केले, तेव्हा त्यांच्या आजाराची लक्षणे दुरुस्त झाली.

दुसरा पुरावा माल्टा या लहानशा बेटावरील एका कुटुंबाकडून मिळाला. तपासलेल्या २७ सदस्यांपैकी दहा जणांत प्रौढ वयातही गर्भकालीन हिमोग्लोबिन टिकून होते. २०१० मध्ये त्याचे कारण समजले : त्यांच्या केएलएफ-१ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी होती. त्याच वर्षी टाउन्स व सहकाऱ्यांनी केएलएफ-१ हे बीसीएल-११ए ला जागृत करते, असे सिद्ध केले. यामुळे संपूर्ण साखळी स्पष्ट झाली. केएलएफ-१ एकीकडे प्रौढ बीटा जनुकाला चालना देते, तर दुसरीकडे बीसीएल-११ए च्या द्वारे गर्भकालीन गॅमा जनुकाला झोपवते. घरातील कर्ता माणूस एका हाताने नव्या पिढीला कारभार सोपवतो व दुसऱ्या हाताने जुन्या पिढीला विश्रांती देतो, तसेच काहीसे हे कार्य आहे.

तिसरा पुरावा भारताच्या मातीतील होता आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा जुना होता. १९८६ मध्ये बी. सी. कार व सहकाऱ्यांनी ओडिशातील सिकलसेल रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण जमैकातील रुग्णांपेक्षा बरेच अधिक होते. त्याच वर्षी कुलोझिक व सहकाऱ्यांनी भारत व पूर्व अरबस्तानातील सिकलसेल जनुकाच्या भोवतालची जनुकीय रचना आफ्रिकेतील रचनांहून वेगळी असल्याचे दाखविले. हीच रचना पुढे 'अरब-भारतीय' या नावाने ओळखली गेली. आफ्रिकी वंशाच्या प्रौढ रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन सामान्यतः दहा टक्क्यांहून कमी असते. अरब-भारतीय रचनेच्या रुग्णांत ते अनेकदा १५ ते २० टक्के किंवा त्याहून अधिक आढळते. हे उत्परिवर्तन आशियात स्वतंत्रपणे घडले, असा कुलोझिक यांचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये श्रायनर व रोटिमी यांनी सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी त्याचा एकच उगम झाला असावा असे मत मांडले. त्यामुळे उगमाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त असण्याचे निरीक्षण मात्र अबाधित आहे.

येथे मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्थेच्या कार्याची नोंद घेणे आवश्यक आहे. या संस्थेने सिकलसेल व थॅलेसेमिया यांचा अनेक दशके अभ्यास केला असून चंद्रपूर येथे रक्तविकारांच्या संशोधन व नियंत्रणासाठी केंद्रही उभे केले आहे. संस्थेतील अनिता नाडकर्णी, रोशन कोलाह व सहकाऱ्यांनी केएलएफ-१ मधील बदलांचा भारतीय रुग्णांतील तांबड्या पेशींच्या निरनिराळ्या विकारांशी असलेला संबंध तपासून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये उंदराच्या पेशीत सापडलेले जनुक सुमारे पाव शतकात मुंबईतील रुग्णांच्या रक्तात तपासले गेले, ही बाब या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

'सौम्य आजार' या समजुतीची चिकित्सा

गर्भकालीन हिमोग्लोबिन अधिक असल्यामुळे भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे मत १९८० नंतरच्या वैद्यकीय लेखनात रूढ झाले. या मताला वस्तुस्थितीचा आधार होता, पण तो अपुरा होता. मुखर्जी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुजरातच्या वलसाड भागातील आदिवासी रुग्ण व नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण यांची तुलना करण्यात आली. दोन्ही गटांत जनुकीय रचना अरब-भारतीयच होती. परंतु वलसाडच्या रुग्णांत अल्फा थॅलेसेमिया हा आजाराची तीव्रता कमी करणारा दुसरा दोष मोठ्या प्रमाणात आढळला. नागपूरच्या रुग्णांत त्याचे प्रमाण कमी होते आणि त्यांचा आजार अधिक तीव्र होता.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी नवजात बालकांची तपासणी करून निदान झालेल्या मुलांचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातूनही मध्य भारतातील आजाराची तीव्रता मुलागणिक बदलते व अनेक मुलांत तो गंभीर स्वरूप धारण करतो, हे दिसून आले.

या निष्कर्षांचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. एखाद्या प्रदेशातील आजाराला 'सौम्य' म्हटले की त्याच्या तपासणीची व औषधांची निकड आपोआप कमी भासू लागते. ओडिशा वा वलसाडच्या निरीक्षणावरून संपूर्ण देशाविषयी अनुमान काढले गेले असते, तर त्याची किंमत विदर्भातील मुलांना मोजावी लागली असती. सरासरी आकडा रुग्णालयातील खाटेवरच्या एका मुलाविषयी फारसे काही सांगत नाही, हा धडा या तुलनेतून मिळतो.

उपचार : कॅप्सूल ते जनुकसंपादन

गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढविणारे पहिले परिणामकारक औषध जनुकाच्या शोधातून आलेले नाही. हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगात वापरले जाणारे जुने औषध सिकलसेलच्या रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढविते, हे १९८४ मध्ये दिसून आले. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके कमी होत असल्याचे सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये तेथे या उपयोगास मान्यता मिळाली. परदेशात या औषधाची मात्रा रुग्णाला सोसेल तेथपर्यंत वाढवीत नेण्याची रीत होती. तिच्यासाठी वारंवार रक्ततपासणी आवश्यक असते. खेड्यातून मजुरी बुडवून येणाऱ्या पालकांना ती परवडणारी नाही. जैन व सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम एवढी कमी व ठरावीक मात्रा देऊन तिचाही लाभ होतो, असे २०१२ मध्ये दाखविले. स्थानिक परिस्थितीतून उपजलेले हे संशोधन विदर्भाच्या वैद्यकीय इतिहासात महत्त्वाचे आहे.

जनुकसंशोधनातून आलेला उपचार त्यानंतर प्रत्यक्षात आला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी शरीराबाहेर काढायच्या, त्यांतील बीसीएल-११ए जनुकाचा तांबड्या पेशीत कार्य करणारा भाग क्रिस्पर तंत्राने छेदायचा आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत आहे. तिच्यामुळे झोपविलेले गॅमा जनुक पुन्हा जागे होते. 'कॅसजेव्ही' या नावाच्या या उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. शिवाय पेशी परत सोडण्यापूर्वी तीव्र औषधे देऊन मूळची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यासाठी दीर्घ रुग्णालयवास व तज्ज्ञांची देखरेख आवश्यक असते. भारतातही वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा सिकलसेलवरील जनुकोपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला असून त्याच्या पुढील विकासासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे सहकार्य घेण्यात आले आहे. आदिवासी नायकाचे नाव धारण करणारा हा उपचार आदिवासींच्या आवाक्यात येतो का, यावर त्याचे ऐतिहासिक मूल्यमापन अवलंबून राहील.

शासकीय पातळीवर महाराष्ट्रात २००० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत सिकलसेल नियंत्रणाचे काम सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करणे व २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार दूर करणे ही त्याची उद्दिष्टे आहेत.

तपासणीच्या कार्यक्रमांचा एक सामाजिक पैलूही आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणीचा सल्ला दिला जातो. परंतु वाहक व्यक्ती स्वतः आजारी नसते, ही गोष्ट नीट समजावून सांगितली गेली नाही, तर तपासणीचा अहवाल हा सोयरीक मोडण्याचे कारण बनतो आणि त्याचा भार मुलींवर अधिक पडतो. गडचिरोलीतील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील आदिवासींत सिकलसेलचे जनुक असल्याचे दाखविले. शासनाने त्याची दखल घेतली. मात्र स्थानिक लोकांना तो आपला तातडीचा प्रश्न वाटत नव्हता. संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून यावा, हा निष्कर्ष डॉ. अभय बंग यांनी या अनुभवातून काढला व तो वेळोवेळी जाहीरपणे मांडला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) केएलएफ-१ या जनुकाचा शोध उंदराच्या पेशीत लागला असला तरी त्याचे महत्त्व मानवी कुटुंबांच्या व लोकसमूहांच्या निरीक्षणामुळे सिद्ध झाले. प्रयोगशाळा व रुग्णालय यांपैकी एकाच्या आधारे हा इतिहास पूर्ण होत नाही.

२) निसर्गतः टिकून राहिलेले गर्भकालीन हिमोग्लोबिन आजार सुसह्य करते, याचा ठळक पुरावा भारतीय रुग्णांच्या रक्तातून १९८६ पासून उपलब्ध होता. नव्या उपचारांच्या मागील तत्त्व तेच आहे.

३) विदर्भातील सिकलसेल सरसकट सौम्य नाही, हे नागपूर येथील संशोधनाने दाखवून दिले. प्रादेशिक अभ्यासाशिवाय आरोग्यविषयक धोरण आखणे योग्य ठरत नाही.

४) सद्यःस्थितीत विदर्भातील रुग्णाला सर्वाधिक लाभ नवजात बालकांची तपासणी, हायड्रॉक्सियुरियाचा नियमित पुरवठा व समुपदेशन यांतून मिळू शकतो. जनुकोपचाराची प्रतीक्षा करताना या साध्या उपायांकडे दुर्लक्ष होता कामा नये.

समारोप

१९१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्ताच्या थेंबातून सुरू झालेला हा इतिहास निलगिरी, नागपूर, न्यूयॉर्क, माल्टा व मुंबई अशा अनेक स्थळांवरून पुढे सरकला. ज्यांनी आपले रक्त तपासणीसाठी दिले, त्यांपैकी बहुतेकांची नावे संशोधनलेखांत नाहीत. तक्त्यांतील टक्केवारीच्या रूपाने ते या इतिहासात उपस्थित आहेत. पिपरी (मेघे) परिसरातील किंवा यवतमाळच्या पोडावरील मातेला केएलएफ-१ हे नाव ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. तिच्या मुलाची तपासणी जन्मतःच व्हावी, औषधाची कॅप्सूल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळावी आणि वेदनेचा झटका आल्यावर त्याला तात्काळ दाखल करून घेतले जावे, एवढी तिची अपेक्षा असते. या अपेक्षेची पूर्तता हीच या शास्त्रीय परंपरेच्या यशाची खरी कसोटी होय.